पाना, पकड आणि पर्यायी विषय

गेल्या शनिवारी नसरापूरला जाऊन आलो. ठरवून असं काही नव्हतं. शुक्रवारी रात्री रिलीज लांबत लांबत दोन वाजले, सकाळी डोकं बधिर झालेलं, म्हणून बाईक काढली आणि निघालो. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूरचा टोलनाका, मग चेलाडी फाट्यावर उजवीकडे वळलं की आलंच नसरापूर. राजगड-तोरण्याला जाणाऱ्या पुणेकर ट्रेकर मंडळींना हे गाव फक्त 'मिसळ खायचा थांबा' म्हणून माहीत असतं. थोडे भाविक असतील तर बनेश्वर. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९ साली बांधलेलं देऊळ, भोवती गर्द झाडी. इथून पश्चिमेला रस्ता जातो तो वेल्ह्याला. या तालुक्याचं नाव 'राजगड' करायला मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली, पण एसटी स्टँडवर सगळे अजून वेल्हेच म्हणतात.

माझा मोठा मावसभाऊ, आमचा दादा, इथे मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. विहिरीवरच्या पाणबुडी मोटारी, मोनोब्लॉक, गिरणीच्या मोटारी, जे जळेल ते त्याच्याकडे येतं. दहावीला गणितात गेला होता. पण जळालेली मोटार उघडली की स्लॉट किती, कॉइलला टर्न किती, वायर कोणत्या गेजची हे तो मनात मांडून मोकळा होतो. मी इंजिनिअरिंगला इलेक्ट्रिकल मशीन्सचा पेपर चौसष्ट मार्कांनी पास झालोय आणि आयुष्यात एकही मोटार उघडलेली नाही. हे आम्ही दोघेही जाणून आहोत, आणि दोघेही त्याबद्दल बोलत नाही.

तर मी पोचलो तेव्हा दुकानात वेगळंच वातावरण. दादाची मुलगी आता नववीत जाणार. शाळेने पालकांना एक फॉर्म दिलाय. एका भाषेच्या ऐवजी व्यवसाय शिक्षणाचा विषय घेता येईल, हवा असल्यास खूण करून सही करा. त्यात हत्यारं, वायरिंग, थोडी शेती, थोडं खाद्यपदार्थांचं असं सगळं थोडं थोडं आहे. पोरीला तो विषय हवाय. दादाला अजिबात नकोय.

"बरं झालं आलास," दादा म्हणाला. "तूच सांग हिला. तुझं ऐकंल ती. इंजिनिअर आहेस."

"अरे पण दादा, तुझंच तर काम आहे हे..."

"म्हणूनच नको." हातातली पकड खाली ठेवत तो म्हणाला. "पाना धरायला शाळेत कशाला जायचं? तो मी घरी देतो की हातात. शाळेत जायचं ते पाना सुटावा म्हणून."

पोरगी दुकानाच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होती. मला म्हणाली, "काका, तुम्ही शाळेत काय घेतलं होतं?"

आता आली का पंचाईत! 'घरी जाऊन नीट वाचतो आणि सांगतो' असं म्हणून मी मिसळ खाऊन पळ काढला. मग रविवार अख्खा यातच गेला. हा लेख म्हणजे त्या रविवारचा हिशेब.

आधी कबुलीजबाब. तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं: अकरावीला मी 'बायफोकल' घेतलं होतं. महाराष्ट्रात विज्ञान शाखेतून गेलेल्यांना वेगळं सांगायला नको. दोनशे मार्कांचा व्यवसाय विषय, त्यातले निम्मे प्रॅक्टिकलचे. तो घेतला की दुसरी भाषा सुटते, जीवशास्त्र सुटतं. मी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. का? सर्किटची आवड होती म्हणून? छे! मार्क पडतात म्हणून, आणि सीईटीच्या क्लासला वेळ मिळतो म्हणून. जर्नल सीनिअरकडून आलं होतं, मी ते फक्त स्वच्छ अक्षरात उतरवलं. सोल्डरिंग गनला हात किती वेळा लावला ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल.

आता 'बायफोकल' या शब्दाचा अर्थ बघा. दोन फोकस असलेला चष्मा. एका काचेतून पुढचं शिक्षण दिसावं, दुसरीतून रोजगार. मुलाला बारावीनंतर दोन्ही दारं उघडी राहावीत ही मूळ कल्पना. केवढी चांगली! आणि आम्ही त्याचं काय केलं? चष्म्याची खालची काच काढून टाकली आणि फ्रेमचे मार्क घेतले.

असो. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं की हे फक्त माझ्या पिढीचं पाप नाही. ही लेगसी सिस्टिम आहे, चांगली १४० वर्षं जुनी. दर वीस-पंचवीस वर्षांनी कुणीतरी ती नव्याने लिहितो आणि दर वेळी साधारण त्याच जागी ती क्रॅश होते.

सुरुवात करू १८८२ पासून. लॉर्ड रिपनने त्या वर्षी हंटर आयोग नेमला. इंग्रजी राज्यातल्या शिक्षणाची पाहणी करायला. या आयोगाने हायस्कूलच्या वरच्या वर्गांसाठी दोन फाटे सुचवले. एक 'अ' अभ्यासक्रम, जो विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे नेतो. दुसरा 'ब' अभ्यासक्रम, व्यापार-उद्योगाकडे जाणाऱ्यांसाठी, जास्त व्यवहारी. आपल्याकडच्या 'पर्यायी विषया'चा हा बहुधा सगळ्यात जुना सरकारी आराखडा. पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. सरकारी नोकरी मिळते ती 'अ' च्या दाराने. मग 'ब' कोण घेणार? ज्याला 'अ' झेपत नाही तो. आणि एकदा हा शिक्का बसला की विषय कितीही चांगला असो, तो 'ढ' मुलांचा विषय होतो.

याच आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं निवेदन आहे महात्मा फुल्यांचं. ते नेहमी उद्धृत होतं ते सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी. पण त्यात अभ्यासक्रमाबद्दलही बरंच काही आहे. मोडी आणि बालबोध वाचता-लिहिता यावं, हिशेब यावा, इतिहास-भूगोल-व्याकरणाची ओळख असावी, आणि त्यासोबत शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे असावेत, असं ते म्हणतात. आता 'आरोग्य, नीती, हिशेब, शेती' याला आजच्या भाषेत काय म्हणाल? लाइफ स्किल्सच की!

मला त्याहून आवडली ती त्यांची मास्तरांबद्दलची अपेक्षा. फुल्यांना मास्तर हवे होते ते शेतकरी समाजातले, लोकांत मिसळणारे, आणि वेळ पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्यांना लाज वाटणार नाही असे. हे वाचलं आणि थबकलो. कारण पुढच्या १४० वर्षांत योजना फसण्याचं जे सगळ्यात मोठं कारण आहे ते त्यांनी तिथेच सांगून ठेवलंय. विषय कागदावर आणणं सोपं आहे. शिकवणार कोण?

पुढचा मोठा टप्पा १९३७. ऑक्टोबरच्या २२ आणि २३ तारखेला वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली, अध्यक्ष गांधीजी. तिथून झाकिर हुसेन समिती, आणि तिच्यातून आली 'नई तालीम'. सात वर्षांचं मोफत, मातृभाषेतलं शिक्षण, आणि त्याच्या केंद्रस्थानी एक हस्तोद्योग. बहुतेकांना एवढंच माहीत असतं की मुलांना टकळीवर सूत कातायला बसवायचे. पण मूळ कल्पना 'अभ्यास झाल्यावर एक तास सूतकताई' अशी नव्हतीच. सूत कातता कातता गणित यावं, कापसातून भूगोल यावा, कापडाच्या व्यापारातून इतिहास यावा, अशी होती. आपल्या भाषेत, हे प्लगइन नव्हतं, कर्नल होतं.

गांधीजींनी त्यात आणखी एक गोष्ट घातली: मुलांनी बनवलेल्या मालाच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा. यावर तेव्हाही बरीच टीका झाली की शाळांचे कारखाने होतील. दुसरा आक्षेप जास्त बोचरा होता, आणि तो तेव्हा-आता कायम आहे. खेड्यातल्या गरिबाच्या पोरांना सूत आणि शहरातल्या बाबूंच्या पोरांना इंग्रजी, असंच होणार ना? स्वातंत्र्यानंतर 'मूलोद्योग' शाळा निघाल्या, पाट्या लागल्या. पण ज्यांनी धोरणं लिहिली त्यांची मुलं त्या शाळांत गेली नाहीत. सेवाग्रामचं आनंद निकेतन २००५ मध्ये पुन्हा सुरू झालं, आणि तिथे आजही या पद्धतीवर काम होतं. पण बाकी ठिकाणी टकळी संग्रहालयात गेली.

दादाचं वाक्य आठवतंय ना? "पाना सुटावा म्हणून शाळा." हा आक्षेप काही आडमुठेपणाचा नाही. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या हाताने काम करण्यात गेल्या, आणि त्या कामाला ना पैसा मिळाला ना मान, त्यांना शाळेने पुन्हा तेच काम दिलं तर ते 'कौशल्य' वाटत नाही, सापळा वाटतो. जिथे जन्मावरून काम ठरत होतं त्या समाजात तर विशेषच. हाताच्या कामाचं कौतुक करणं आपल्यासारख्यांना परवडतं, कारण आपल्याला ते करावं लागत नाही.

आता स्वतंत्र भारत. १९५२-५३ चा मुदलियार आयोग. त्याने बहुउद्देशीय माध्यमिक शाळांची कल्पना मांडली. एकाच शाळेत सात गट: मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललित कला आणि गृहविज्ञान. मुलाने आवडीप्रमाणे निवडायचं. म्हणजे ज्याला आज अमेरिकेत हायस्कूल इलेक्टिव्ह म्हणतात तेच. पण सात गटांसाठी सात प्रकारचे शिक्षक आणि सात प्रकारच्या प्रयोगशाळा लागतात. त्या कुठून आणायच्या? परत फुल्यांचा प्रश्न.

मग कोठारी आयोग, १९६४-६६. त्याचे सचिव होते जे. पी. नाईक. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. या आयोगाने 'कार्यानुभव' हा शब्द दिला. प्रत्येक मुलाला, मग ते कुठल्याही घरातलं असो, शाळेतच उत्पादक कामाचा अनुभव मिळावा. दहा-दोन-तीन हा आकृतिबंधही याच आयोगाचा. महाराष्ट्रात त्यानुसार दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने कार्यानुभवाचं नाव बदलून 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' केलं. नाव मोठं झालं, काम तेवढंच राहिलं!

मंडळी, तुमच्या शाळेतला कार्यानुभवाचा तास आठवतोय? माझ्या आठवणीत तीन गोष्टी आहेत. क्रेप कागदाची फुलं, फिनेल, आणि 'टाकाऊतून टिकाऊ' नावाखाली आईने रात्री बसून केलेला पेनस्टँड. तास पस्तीस मिनिटांचा. सामान काढेपर्यंत दहा गेली, आवरायला दहा. उरलेल्या पंधरा मिनिटांत कोण काय शिकणार? आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणिताच्या बाई घेऊन जायच्या. त्याला श्रेणी होती, मार्क नव्हते. जे मोजलं जात नाही ते शाळेत जगत नाही. आणि जे मोजलं जातं (बायफोकल!) ते फक्त मोजण्यापुरतं जगतं.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आकडाच देऊन टाकला. उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांपैकी १० टक्के १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यावसायिक शाखेत यावेत. १९९२ मध्ये मुदत सरळ पाच वर्षांनी पुढे ढकलली. (डेडलाईन स्लिप होणं ही काही आयटीवाल्यांची मक्तेदारी नाही.) महाराष्ट्रात याच सुमारास अकरावी-बारावीला 'किमान कौशल्यावर आधारित' अभ्यासक्रम आले, आपण त्याला एमसीव्हीसी म्हणतो. त्यातून कामाला लागलेली खूप मुलं आहेत, दादाचा एक मित्र त्यातलाच, शिरवळच्या कंपनीत सुपरवायझर आहे. पण आमच्या वर्गात 'एमसीव्हीसीला गेला' हे वाक्य कुठल्या स्वरात म्हटलं जायचं ते तुम्हाला माहीतच आहे. १८८२ चा 'ब' अभ्यासक्रम, दुसरं काय!

इथपर्यंत वाचून मी जवळजवळ ठरवलं होतं की दादाला फोन करावा, 'तुझंच बरोबर, नको घेऊ.' आणि मग पाबळ सापडलं.

पाबळ म्हणजे शिरूर तालुक्यातलं गाव. पुण्याहून नगर रोडने शिक्रापूर, तिथून डावीकडे. मस्तानीची कबर इथे आहे म्हणून इतिहासात नाव. बाकी पाऊस कमी, दुष्काळ नेहमीचा. नसरापूर-वेल्ह्याकडे इंद्रायणी भाताची खाचरं, आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला हे कोरडं माळरान. इथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे गृहस्थ येऊन राहिले. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची पीएच.डी., हिंदुस्तान लिव्हरच्या मुंबईतल्या संशोधन केंद्रात वरिष्ठ शास्त्रज्ञ. चौपन्नच्या आसपास वय असताना १९८२ मध्ये नोकरी सोडली, आणि पत्नी मीराताईंसह पाबळच्या माळावर 'विज्ञान आश्रम' सुरू केला. जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांनी उभ्या केलेल्या पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं केंद्र म्हणून. बघा, कोठारी आयोगाचे सचिव परत आले!

पाबळच का? कारण तिथे खास काही नव्हतं. देशातल्या हजारो गावांसारखंच एक कोरडवाहू गाव. इथे जमलं तर कुठेही जमेल. टेस्टिंग करणाऱ्या माणसाला हा विचार लगेच पटेल. सगळ्यात कठीण एन्व्हायर्नमेंटवर चालवून बघा.

आश्रमाने दोन गोष्टी केल्या. एक, शाळा सुटलेल्या मुलांसाठी वर्षाचा निवासी अभ्यासक्रम. दुसरी, आपल्या विषयाशी थेट संबंध असलेली: आठवी ते दहावीच्या चालू शाळांमध्ये एक विषय. सुरुवातीचं नाव ग्रामीण तंत्रज्ञान, पुढे 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख'. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मोजक्या शाळांपासून सुरू झालेला हा विषय राज्य बोर्डाने पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्य केला, आणि पुढे शंभराहून जास्त शाळांत पोचला.

त्यात चार भाग. अभियांत्रिकी: वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, फेरोसिमेंट. ऊर्जा-पर्यावरण: वायरिंग, पंप, जमीन मोजणी, बायोगॅस. गृह-आरोग्य: खाद्यपदार्थ, पाण्याची तपासणी, रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासणं. आणि शेती-पशुपालन: माती परीक्षण, रोपवाटिका, कोंबड्या. मुलगा असो की मुलगी, चारही भाग करायचेच. मुलींनी वेल्डिंग करायचं आणि मुलांनी चिक्की.

आता बघा, आधीचे बग कलबागांनी कसे सोडवले. पस्तीस मिनिटांच्या तासात काम होत नाही? मग आठवड्यातला एक अख्खा दिवस द्या. शिक्षक नाहीत? मग गावातलाच कारागीर, तंत्र जाणणारा तरुण निदेशक म्हणून घ्या. फुल्यांच्या मास्तरांची आठवण झाली ना? पेनस्टँड घरी जाऊन कचऱ्यात जातो? मग गावाला खरोखर लागणारं काम करा: शाळेची बाकं, एखाद्या घरचं वायरिंग, शेतकऱ्याच्या मातीची तपासणी. आणि त्याचे पैसे घ्या. काम बिघडलं तर गिऱ्हाईक ओरडेल, त्यातून जे शिकाल ते कुठल्या प्रश्नपत्रिकेत येणार नाही. एका धंद्याला जुंपण्याची भीती? मग एक धंदा शिकवूच नका, सगळ्याचं थोडं थोडं शिकवा. या वर्गातून वेल्डर बाहेर काढणं हा हेतूच नाही. हेतू शिक्षणाचा आहे, हाताने केल्यावर डोक्यात जास्त जातं म्हणून.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ही 'ढ' मुलांची तुकडी नाही. वर्गातल्या सगळ्यांनी करायचा विषय अशी त्यामागची भूमिका आहे.

मागे एकदा सहज म्हणून पाबळला गेलो होतो तेव्हा हे काही माहीत नव्हतं. लक्षात राहिले ते आश्रमातले घुमट. त्रिकोण जोडून केलेले, अर्ध्या चेंडूसारखे. कमी सामानात पक्कं घर. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिकडेही असे घुमट बांधले गेले. तिथेच एमआयटीच्या नील गेर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने २००२ मध्ये फॅब लॅब सुरू झाली, एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक. बॉस्टनच्या प्रोफेसरला जे शोधायचं होतं ते पाबळच्या माळावर आधीच चालू होतं. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले. काम चालू आहे.

तुम्ही म्हणाल, मग हे सगळ्या शाळांत का नाही? कारण अख्खा दिवस द्यायला शाळा तयार नसतात, निदेशकाचा पगार कुणी द्यायचा हे ठरत नाही, आणि पालक विचारतात 'याचे मार्क धरतात का?' प्रयोग कठीण नव्हता. कठीण आहे तो त्याचा रोलआउट.

'करिअर शोध' या भागाचंही असंच. २०१६ पासून काही वर्षं आपल्या बोर्डाच्या दहावीच्या मुलांची कलचाचणी व्हायची. कृषी, ललित कला, वाणिज्य, तांत्रिक, आरोग्य, मानव्यविद्या, गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी तुमचा कल कुठे, ते सांगायची. हेतू उत्तम. पण ज्या मुलाने आयुष्यात स्क्रू पिळला नाही त्याला 'यंत्र दुरुस्त करायला आवडेल का?' विचारलं तर तो काय सांगणार? न खाल्लेल्या पदार्थांचा मेनू समोर ठेवून आवड विचारण्यासारखं आहे हे. कल कळायला आधी हात लागायला हवा.

जीवनकौशल्यांचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात दहा कौशल्यांची यादी केली: निर्णय घेणं, समस्या सोडवणं, संवाद, ताण हाताळणं वगैरे. आपल्या कंपनीत त्याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं, हॉटेलात, बुफेसकट. दादाच्या दुकानात ऐन मार्चमध्ये, उभा ऊस वाळतोय आणि मोटार जळली म्हणून तावातावाने आलेला शेतकरी बघा. त्याला खुर्ची देणं, चहा सांगणं, 'उद्या दुपारपर्यंत देतो' असं म्हणून ते पाळणं. दहापैकी आठ कौशल्यं तिथेच उरकतात.

२०२० च्या नव्या धोरणाने सहावी ते आठवीला दहा 'दप्तराविना दिवस' सांगितले आणि २०२५ पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी असं उद्दिष्ट लिहिलं. एनसीईआरटीचं 'कौशल बोध' नावाचं पुस्तकही २०२४ मध्ये आलं. दादाच्या हातातला तो फॉर्म या लांबलचक साखळीची आत्ताची कडी आहे.

रविवारी रात्री फोन केला. हंटर, कोठारी वगैरे सांगण्यात अर्थ नव्हता. फक्त पाबळचं सांगितलं. दादा शांतपणे ऐकत होता. मग एकच प्रश्न विचारला.

"तिथं वर्गातल्या सगळ्यांनाच करायला लागतं? डॉक्टरच्या पोरालापण?"

"हो. एका वर्गात असले तर दोघांनाही."

"मग ठीक आहे." थोडा वेळ गेला. "एकट्या माझ्या पोरीला नको. सगळ्यांना असंल तर चालंल."

१४० वर्षांचा माझा रविवारचा अभ्यास त्याने दोन वाक्यांत मिटवला! 'अ' आणि 'ब' असे फाटे पाडले की 'ब' कुणाच्या वाट्याला येतो हे त्याला कुठलाही अहवाल न वाचता माहीत होतं. पाना हलका नाही. तो फक्त काहींच्याच हातात देतात, ते हलकं आहे.

पोरगी मागून ओरडत होती, "काकांना विचारा, त्यांनी काय घेतलं होतं!" मग सांगून टाकलं. इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं, मार्कांसाठी, आणि आज घरातला पंखा बंद पडला तर ॲपवरून माणूस बोलावतो. ती खूप हसली. "मग मी घेते," म्हणाली. तिच्या जागी मी असतो तर काय घेतलं असतं? प्रामाणिकपणे सांगतो, मला तिच्यासारखं दुकान घरात असतं तर कदाचित मीही दादासारखाच घाबरलो असतो.

सोमवारी दादा स्वतः शाळेत गेला. संध्याकाळी फोन आला.

"खोली बघून आलो. सामान चांगलं आलंय. ड्रिल मशीन आहे, मल्टिमीटर आहेत."

"अरे वा!"

"पण अजून खोक्यातच आहे सगळं. सरांना म्हणलं, खोकी उघडा, मग सही करतो. लागलं तर उघडायला मी येतो."

फॉर्म अजून पोरीच्या दप्तरातच आहे. पुढच्या शनिवारी मी परत चाललोय नसरापूरला. दादा म्हणालाय, एक जळालेली सिंगल फेज मोटार तुझ्यासाठी बाजूला ठेवलीय, येताना जुने कपडे घालून ये. चौसष्ट मार्कांची परीक्षा आता खरी होणार. काय झालं ते कळवतोच!